नवारीचा बंद: कोणता घ्यावा, कसा शिवावा

जुन्या सोलापुरी चादरीची बाजारपिशवी शिवताय? बंदासाठी ३८ मिलिमीटर रुंदीची नवार, म्हणजे जाड विणलेली पट्टी, घ्या. सुती असेल तर आधी भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात ती आटते आणि कापडाला चुण्या पडतात.

टोक ५ सेंटिमीटर कापडावर ठेवून चौकोन शिवा, आत फुलीसारख्या दोन तिरक्या शिवणी घाला. १८ नंबरची सुई, पॉलिस्टर दोरा, टाका ३ ते ४ मिलिमीटर. फार बारीक टाके नकोत, भोके जवळ पडून बंद तिथेच फाटतो. नायलॉन-पॉलिस्टरचे टोक मेणबत्तीवर जरासे वितळवा, सुती टोक दुमडा.

गच्चीवरच्या ताडपत्रीला मात्र पॉलिप्रॉपिलीनची पट्टी नको, सोलापूरच्या उन्हात ती ठिसूळ होते. तिथे पॉलिस्टरच. नायलॉन भक्कम खरे, पण भिजले की सैलावते.