बार्न्गा घेताय? निम्मा वेळ खेळानंतर राखून ठेवा

विद्यार्थ्यांसाठी आंतरसांस्कृतिक संवादाचं प्रशिक्षण पहिल्यांदा घेणारा आधी स्लाइड जमवतो: जर्मन वेळेचे पक्के, जपानी तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्या स्लाइड टाकून द्या. पोरं त्या पाठ करतात आणि भेटेल त्या जर्मन माणसाला साच्यात बसवतात. पत्ते आणा.

बार्न्गा हा पत्त्यांचा खेळ शिवशैलम त्यागराजन यांनी १९८० मध्ये तयार केला. लायबेरियातल्या गबार्न्गा गावात ते काम करत होते, नाव तिथलंच. दर टेबलाला चार जण, एक्का ते सत्ती असे २८ पत्ते, प्रत्येकी सात. नियमाचे कागद दिसायला सारखेच, आत मात्र पोरांना न सांगता केलेला फरक: कुठं इस्पिक हुकूम, कुठं चौकट, कुठं हुकूमच नाही; एका टेबलावर एक्का सगळ्यांत मोठा, दुसऱ्यावर सगळ्यांत लहान. पाच मिनिटं सराव, मग कागद गोळा आणि बोलणं बंद. फेरी संपली की जास्त हात करणारा वरच्या टेबलावर, कमी हात करणारा खालच्या. मेंढीकोट पक्कं असलेलीच पोरं आधी अडकतात. वर्गात पत्ते दिसणार म्हणून विभागप्रमुखांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, एवढंच.

आता खरी गोम. खेळ संपला की सगळे हसतात, 'नियमच वेगळे होते की!' असा ओरडा होतो, आणि घेणारा खूश होऊन चहाला सोडतो. इथंच सगळं पाण्यात जातं. पोरांच्या डोक्यात राहतं ते एवढंच, की सरांनी फसवलं. खेळाला अर्धा तास दिलात तर नंतरच्या चर्चेला निदान तेवढाच द्या. फळ्यावर तीन रकाने आखा: काय दिसलं, काय वाटलं, काय ठरवलं. पहिल्या रकान्यात हमखास येतं, 'त्यानं चीटिंग केलं.' ते खोडा. दिसलं काय? त्यानं चौकटची दुर्री टाकली आणि हात ओढून घेतला. चीटिंग हे दुसऱ्या रकान्यातलं. एवढा फरक कळायला वीसेक मिनिटं जातात. जाऊ द्यात, घाई करू नका. पहिल्या वेळी रकाने विस्कटतातच, त्यात काही बिघडत नाही.

मग पत्ते बाजूला ठेवून विचारा: कोल्हापुरात 'बघतो की' म्हणजे काय? वर्ग हसेल, कारण तो नकार आहे हे इथं शेंबडं पोरगंही जाणतं. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये मांडलेला संदर्भाचा भेद इथं दोन वाक्यांत सांगा, आधी नको: कुठं अर्थ प्रसंगावरून उमगतो, कुठं शब्दांतच सांगावा लागतो. आपलं पोरगं नकार म्हणून 'आय विल ट्राय' लिहितं, आणि परदेशातला प्राध्यापक ते वाचून कामाची वाट बघत बसतो. म्हणून शेवटी प्रत्येकाकडून चार ओळींचा मेल लिहून घ्या: पहिल्या ओळीत होय किंवा नाही, दुसरीत तारीख. 'प्रयत्न करतो' दिसलं की परत लिहायला लावा.