प्रात्यक्षिकाची तयारी: मटकी कुणाचं ऐकत नाही

दहावीचं विज्ञानाचं प्रात्यक्षिक बहुतेक शाळांत फेब्रुवारीत उरकतं आणि त्याच्या तयारीची आठवण होते आदल्या दिवशी दुपारी. भौतिकशास्त्रात हे खपून जातं; नवे सेल आणले, वायरी तपासल्या की झालं. जीवशास्त्रात मात्र मटकीला मोड यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, मग मुख्याध्यापकांनी कितीही घाई केली तरी. म्हणून ही यादी कशाला किती आधी हात लावायचा, त्या क्रमाने लिहिली आहे. विज्ञानाच्या दोन्ही भागांचे मिळून गुण २०च, असं म्हणून जे शिक्षक प्रयोग नुसता फळ्यावर सांगून मोकळे होतात, त्यांना ती अर्थातच नकोय.

पंधरा दिवस आधी सूक्ष्मदर्शक कपाटातून काढा. पावसाळाभर बंद राहिलेल्या भिंगांवर बुरशीचे धागे धरतात, कोकणात तर हमखास. भिंग ओढणीने किंवा रुमालाने पुसू देऊ नका, लेन्स पेपरच वापरा. नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) १० पट आणि वस्तुभिंग (काचपट्टीकडचं) १० पट म्हणजे एकूण १०० पट. ४५ चं वस्तुभिंग लावलं की ४५०. हा गुणाकार तोंडी परीक्षेत हटकून विचारतात आणि मुलं बेरीज करून सांगतात. आरसा खिडकीतल्या उजेडाकडे वळवायचा, थेट सूर्याकडे कधीही नाही. वस्तुभिंग खाली आणताना डोळा नेत्रिकेला लावायचा नाही, बाजूने बघायचं. काचपट्टीच्या अगदी जवळ आलं की मग नेत्रिकेतून बघत हळूहळू वर न्यायचं. एवढी सवय प्रत्येक मुलाच्या हाताला लागली तर कव्हर स्लिप, म्हणजे वर झाकायच्या पातळ काचा, निम्म्याच फुटतील. त्या तरीही जास्तच मागवा.

त्याच दिवशी पिष्टमय पदार्थ ओळखायच्या आयोडीनची बाटली उजेडात धरून बघा. द्रावण कोऱ्या चहाच्या रंगाचं असायला हवं. फिकट पडलं असेल तर बटाट्याच्या फोडीवर एक थेंब टाका. निळा-काळा रंग झटकन आला नाही तर नवीन करायला घ्या.

आता कांदा. सूत्री विभाजनाची, म्हणजे एका पेशीच्या दोन कशा होतात त्याची, तयार स्लाइड दाखवून भागतं, हे खरं. पण मुळाच्या टोकाची स्लाइड मुलांनी एकदा तरी स्वतः करावी, असं माझं ठाम मत आहे. आठवडाभर आधी मध्यम आकाराचा कांदा घ्या आणि बुडाची सुकलेली जुनी मुळं ब्लेडने खरवडून काढा, मात्र बुडाची चकती कापू नका. रुंद तोंडाच्या बाटलीत पाणी भरून त्यावर कांदा असा बसवा की बूड पाण्याला जेमतेम टेकेल. पाणी रोज बदला, नाहीतर वास सुटतो. चार-पाच दिवसांत दोन-तीन सेंटीमीटरची मुळं येतात. टोकं सकाळीच कापा. त्या वेळी विभाजन पावणाऱ्या पेशी जास्त सापडतात. एक भाग ग्लेशियल अॅसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात टोकं २४ तास ठेवायची, नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये. तिथे ती आरामात टिकतात, त्यामुळे हे काम आधी उरकून ठेवता येतं. स्लाइड करायच्या दिवशी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं कोमट करून टोक मऊ करायचं आणि अॅसिटोकार्मिनमध्ये रंगवायचं. टोकाचा दीड-दोन मिलिमीटरचा भाग बाकी मुळापेक्षा गडद रंगतो. तेवढाच ठेवा, बाकीचं फेकून द्या. वर कव्हर स्लिप, त्यावर टिपकागद आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. कव्हर स्लिप सरकली की पेशी गुंडाळल्या जातात आणि मग काहीच दिसत नाही.

दिसतं काय, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. बहुतेक पेशी विभाजनात नसतातच. गोल, शांत केंद्रकं दिसतात. विभाजनाच्या टप्प्यांपैकी पूर्वावस्था बऱ्याच सापडतात, मध्यावस्था शोधावी लागते, पश्चावस्था मिळाली तर सगळा वर्ग त्या टेबलाभोवती गोळा होतो. कांद्यात गुणसूत्रं १६ असतात, पण मुलाला ती मोजता आली नसतील तर वहीत १६ काढू देऊ नका.

श्वसनाच्या प्रयोगाची मटकी परीक्षेच्या तीन दिवस आधी भिजवा. घाटावर फेब्रुवारीत सकाळी चांगलाच गारठा असतो, त्यामुळे मोड यायला एक दिवस जास्त धरा. सेंटीमीटरभर मोड पुरे. शंकुपात्रात ही मटकी, तिच्यावर दोऱ्याने लटकवलेल्या छोट्या नळीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि बुचातून बाहेर येणाऱ्या वाकड्या नळीचं टोक रंगीत पाण्यात. श्वसनातला कार्बन डायऑक्साइड पोटॅशियम हायड्रॉक्साइड शोषून घेतं आणि रंगीत पाणी नळीत चढतं. बुचाच्या सांध्यांना व्हॅसलीन फासा. हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा तिथल्या गळतीमुळे. तास-दोन तास लागतात, म्हणून सकाळी पहिलं काम हेच. शेजारी उकडलेल्या मटकीचं दुसरं पात्र हवंच, आणि त्यात जंतुनाशकाचे काही थेंब टाका, कारण उकडलेले दाणे मेले तरी त्यांच्यावर वाढणारे जिवाणू श्वसन करतातच. तोंडीला विचारण्याजोगा प्रश्न असा: पोटॅशियम हायड्रॉक्साइड काढून घेतलं तर पाणी का चढत नाही? दाण्यांनी घेतलेल्या ऑक्सिजनच्या जागी साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, हे ज्याला सुचलं त्याला प्रयोग कळला.

उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवायची चुन्याची निवळी आदल्या संध्याकाळी करा. पानवाल्याकडचा साधा चुना पाण्यात ढवळून ठेवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचं आणि बाटलीला घट्ट बूच लावायचं, नाहीतर हवेनेच ती गढूळ होते. नळीतून फुंकताना एखादा उत्साही मुलगा फुंकतच राहतो आणि पांढरं झालेलं पाणी पुन्हा स्वच्छ होतं. तो घाबरतो. त्याला थांबवू नका, उलट सगळ्यांना दाखवा: कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट झालं.

प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगासाठी पानांतलं मंड (पिष्ट) संपवायचं कुंडीतलं झाड दोन दिवस काळोखात हवं. हिरवा रंग काढायला पान स्पिरिटमध्ये उकळताना ज्योतीवर थेट ठेवायचं नाही. गरम पाण्याच्या चंचुपात्रात स्पिरिटची परीक्षानळी, आणि त्याआधी दिवा विझवलेला. लाळेने पिष्टाचं पचन दाखवायच्या प्रयोगात प्रत्येकाने स्वतःचीच लाळ वापरायची. भाताची पेज चालते, पण थंडीत परीक्षानळी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवली नाही तर निकाल रेंगाळतो.

पर्णरंध्रांसाठी, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं बघायला, ऱ्हिओ या शोभेच्या झाडाचं पान उत्तम. खालची जांभळी बाजू तिरकी फाडली की पारदर्शक पापुद्रा सुटतो. शाळेच्या आवारात कण्हेर असते म्हणून ती आणली जाते, पण तिची रंध्रं खोलगट खळग्यांत दडलेली असतात. मुलं शोधून शोधून थकतात.

फुलाचे भाग दाखवायची जास्वंद मात्र त्याच दिवशीची, आणि एकेरी पाकळ्यांचीच. दुहेरी जास्वंदीत बरेचसे पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात. ती हातात दिली तर हुशार मूलही गोंधळतं. एकेरी फुलाची पुंकेसरांची नळी सुईने उभी चिरली की आतून जाणारी कुक्षीवृंत दिसते आणि टोकाला पाच मखमली कुक्षी. प्रात्यक्षिक मंगळवारी किंवा चतुर्थीला आलं असेल तर सातच्या आत सगळी फुलं गणपतीला गेलेली असतात. ज्यांच्या दारात झाड आहे त्या काकूंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

मुलांच्या उजळणीचं म्हणाल तर व्याख्या पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. प्रयोगवहीत दोन गोष्टी तपासा. निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ झाली आहे का? 'निळा-काळा रंग आला' हे निरीक्षण, 'पिष्टमय पदार्थ आहे' हे अनुमान. रंग आलाच नसेल तर आला नाही असंच लिहायचं, आणि का आला नसेल तेही. दुसरं, आकृती. पुस्तकातली सुबक, नामनिर्देशित आकृती मुलं डोळे मिटून काढतात, आणि स्वतःच्या स्लाइडमधला काळ्या कडेचा हवेचा बुडबुडा पेशी म्हणून रंगवतात. कव्हर स्लिप सुईने तिरकी धरून हळू सोडली की बुडबुडे कमी होतात. उरलेला एकतरी प्रत्येकाला मुद्दाम ओळखायला लावा. शिसपेन्सिल, छायांकन नाही, नावं उजवीकडे एकाखाली एक, खाली किती पट ते.

एवढं झालं तरी सकाळी धावपळ होते ती बारीकसारीक वस्तूंसाठी. आगपेटी, नवीन ब्लेड, दोरा, टाचण्या, टिपकागद, दोन जुनी सुती फडकी आणि बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या एका डब्यात भरून डबा आदल्या दिवशीच टेबलावर ठेवा, आणि प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे आहे ते घरी जाण्याआधी विचारून घ्या.