घरच्या आठवणींची वही : अर्ध्या दिवसाची सहल आणि एक पान मजकूर

आमच्या इंदूरच्या घरात फोटोंचा तुटवडा नाही. तीन फोनमध्ये मिळून काही हजार तरी सहज निघतील. पण दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळाला सगळे जमले असताना सासूबाईंनी, ज्यांना आम्ही आई म्हणतो, सहज विचारले, "पाताळपाणीला गेलो होतो तेव्हा ते भिजलेले मोजे कोणाच्या खिशात सापडले होते?" आणि चौघांनी चार नावे घेतली. फोटो उघडून पाहिले, तर त्यांत धबधबा होता, सगळ्यांचे हसरे चेहरे होते, मोजे मात्र कुठेच नव्हते. त्याच आठवड्यात मी एक वही आणली. अशी वही कशी ठेवावी, तिच्यात लिहिण्याजोगे दिवस कसे काढावेत आणि लिहिलेले टिकावे म्हणून काय करावे, हे अनुभवातून जेवढे समजले तेवढे येथे मांडते.

सुरुवात सहलीपासून करावी, आणि सहल लहान ठेवावी. सकाळी सातला निघून बाराच्या आत घरी, जेवण घरचे, जाण्याचे ठिकाण एकच, असा साधा नियम आम्ही केला आहे. महेश्वर किंवा ओंकारेश्वर सुंदर आहेतच, पण तिथे जाण्यायेण्यात दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो, मुले पेंगतात, वडीलधाऱ्यांचे गुडघे कुरकुरू लागतात, आणि परतल्यावर वही उघडण्याचे त्राण कोणातच उरत नाही. एकदा आम्ही उज्जैन आणि देवास एकाच दिवसात उरकण्याचा घाट घातला होता. त्या दिवसाबद्दल आज घरात कोणालाही विचारले तरी 'पार्किंग' एवढाच शब्द ऐकायला मिळतो.

गावातले, शंभर वेळा पाहिलेले ठिकाण या कामाला सर्वांत चांगले, कारण तिथे 'पाहण्याची' घाई नसते. रविवारी सकाळी राजवाड्यासमोर जावे आणि मुलांना मजले मोजायला सांगावेत. होळकरांचा हा वाडा सात मजली आहे, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. दगड कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होते हे बोटाने दाखवण्याचे काम नऊ वर्षांच्या मुलीला पंधरा मिनिटे पुरते. त्याच वेळी घरातल्या ज्येष्ठांना त्या जागेविषयी एक, फक्त एकच, प्रश्न विचारावा. १९८४ च्या दंगलीत राजवाड्याला आग लागली होती, हे आमच्या मुलांना पुस्तकी माहिती म्हणून ठाऊक होते, पण "आबा, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" असे समोर उभे राहून विचारल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सायकल कुठे सोडली, कोणत्या गल्लीने पायी घर गाठले आणि आईंनी दाराला आतून कोणते कपाट लावून ठेवले होते, ते सगळे सांगितले. घरी सोफ्यावर बसून विचारले असते तर "होती बुवा गडबड" यापुढे ते गेले नसते. जागा समोर असली की माणसाला तपशील सुचतात. म्हणून प्रश्न घरून ठरवून न्यावा आणि तिथेच विचारावा.

रात्रीची सहल करायची तर सराफा आहेच, मात्र ज्येष्ठांना घेऊन जाताना थोडी आखणी लागते. दिवसभर सोन्याचांदीचे व्यवहार चालणारी ही पेढ्यांची गल्ली दुकाने बंद झाली की खाण्याच्या गाड्यांनी भरते, आणि जसजशी रात्र वाढते तसतशी पाय ठेवायला जागा राहत नाही. म्हणून नऊच्या सुमारास पोहोचावे, आईआबांसाठी घडीचे स्टूल बरोबर न्यावे, आणि प्रत्येकाला वेगळी प्लेट न घेता चौघांत एक घ्यावी, म्हणजे पोट लवकर भरत नाही आणि प्रत्येक घासावर चर्चा होते. आधी भुट्ट्याचा किस, थंडीचे दिवस असतील तर लिंबू पिळून जीरावन मसाला भुरभुरलेले गरम गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाचे तुकडे, आणि गोड अगदी शेवटी, हा क्रम आम्ही बऱ्याच चुकांनंतर ठरवला आहे. गोडाने सुरुवात केली की मुले पहिल्या दहा मिनिटांतच "चला घरी" म्हणू लागतात.

पावसाळ्यात महूजवळच्या पाताळपाणीचा मोह सर्वांनाच होतो. तिथून काळाकुंडपर्यंत धावणारी वारसा रेल्वे २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली. गाडीतून बोगदे मोजण्याचे काम मुलांकडे आणि काळाकुंडला पानात मिळणारा कलाकंद घेण्याचे काम मोठ्यांकडे द्यावे. गाडीचे दिवस आणि वेळा बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी रेल्वेकडून खात्री करून घ्यावी. धबधब्याच्या बाबतीत मात्र हौसेला लगाम हवा. वरच्या बाजूला पाऊस झाला की आपल्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी काही क्षणांत चढते. २०११ च्या जुलैमध्ये एकाच कुटुंबातील माणसे येथे वाहून गेली होती. कठड्याच्या अलीकडूनच पाहावे, पात्रात उतरू नये, आणि "दोन मिनिटांत फोटो काढून येतो" म्हणणाऱ्या भाच्याला आत्याने किंवा मामाने हाताला धरून मागे आणावे.

आता वहीकडे वळते. नोंद त्याच रात्री लिहावी. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटले की 'खूप मजा आली' एवढेच उरते, आणि या वाक्याचा पुढे कोणालाही काही उपयोग होत नाही. एका प्रसंगाला एक पान पुरे. तारीख वर्षासकट आणि वार, कोण कोण होते, हवा कशी होती, काय खाल्ले, काय बिघडले, आणि कोणाचे तरी एक वाक्य जसेच्या तसे, एवढे आले की पान भरते. भावना लिहूच नयेत असे माझे ठाम मत आहे. मोठ्या नणंदेला ते पटत नाही, पण तिच्या वहीतली पाने सगळी सारखी वाटतात हे तिनेच एकदा कबूल केले. आमच्याकडचे एक पान असे आहे :

"रविवार, १४ जानेवारी २०२४. राजवाडा. आई, आबा, आम्ही चौघे. कडाक्याची थंडी. आबांचा मफलर धाकटीच्या डोक्याला. पोहे सहा प्लेट, जिलेबी पाव किलो. आई पोहेवाल्याला : बडीशेप घातलीत, साखर घातलीत, वर शेवेचा ढीग, यात पोहे कुठे आहेत? तो : माताजी, पोहा तो बहाना है. कबुतरे मोजायला घेतली, ६३ नंतर भांडण. थोरल्याने स्कूटरची किल्ली हरवली, ती जिलेबीच्या पुड्याखाली सापडली."

पोहेवाल्याचे वाक्य मी हिंदीतच ठेवले आहे. इंदूरच्या मराठी घरांत दिवसभर दोन्ही भाषा चालतात, आणि जो ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत लिहिले तरच त्याचा आवाज पानावर येतो. आईंचे मराठी, वाण्याचे हिंदी आणि मुलांची धेडगुजरी यांपैकी काहीही 'शुद्ध' करत बसू नये.

लिहिण्याची पाळी फिरती असावी. मुलांनी लिहिलेले तपासू नये, शुद्धलेखनाच्या चुका तशाच राहू द्याव्यात. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांच्याकडून एक चित्र, एक नकाशा किंवा नुसता खर्चाचा हिशेब घ्यावा. आबा कायम हिशेबच लिहितात, आणि काही वर्षांनी सर्वांत आधी तेच वाचले जाईल अशी मला शंका आहे.

रोज सहल होत नाही, म्हणून वहीच्या मागच्या बाजूने आम्ही दुसरे सदर सुरू केले : आज काय बरे घडले. रात्रीच्या जेवणात प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची आणि ज्याची पाळी असेल त्याने एका ओळीत ती टिपायची. 'देवाच्या कृपेने सगळे ठीक' ही ओळ चालत नाही. 'नळाला पाणी अर्धा तास जास्त आले', 'आईंनी सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवला', 'गणिताच्या बाई वही परत देताना हसल्या' अशा ओळी चालतात. ज्या दिवशी घरात आजारपण किंवा ताण असेल त्या दिवशी कोणाला आग्रह करू नये. नुसती तारीख घालून ओळ कोरी सोडावी.

काय लिहू नये हेही आधीच ठरवून घ्यावे. ही वही दिवाणखान्यात असते आणि पाहुणे ती चाळतात, त्यामुळे दुसऱ्यांची आजारपणे, पैशांची देवाणघेवाण आणि नवराबायकोतली भांडणे तिच्यात नकोत. वयात आलेल्या मुलामुलींना स्वतःबद्दलची एखादी नोंद नको असेल तर ती काढून टाकावी, त्यावर वाद घालू नये.

साहित्याला फारसा खर्च नाही. जाड कागदाची, शिवलेल्या बांधणीची वही घ्यावी. स्पायरलच्या वहीची पाने ओढाताणीत फाटतात. पेन निवडताना कागदावर एक ओळ लिहून, वाळवून, तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा : शाई पसरली तर ते पेन या कामाचे नाही. साधे बॉलपेन बहुधा या परीक्षेत उतरते. सहलीची बिले आणि पावत्या चिकटवायचा मोह होतो, पण हल्लीची बरीच बिले उष्णतेने छपाई उमटणाऱ्या कागदावर असतात आणि त्यांच्यावरची अक्षरे काही महिन्यांतच उडू लागतात. माझ्याकडे एका जेवणाचे बिल म्हणून जपलेला स्वच्छ पांढरा कागद आहे. असे बिल लॅमिनेट करू नये, उष्णतेने ते काळे पडते. त्याची झेरॉक्स काढून ती चिकटवावी.

फोटो एका सहलीचे तीनच छापावेत. कोणते तीन, यावर घरात जी चर्चा होते तीही लिहिण्याजोगी असते. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नावे आणि तारीख लिहावी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांचे जुन्या धर्तीचे अल्बम टाळावेत, कारण त्यांतला डिंक पिवळा पडतो आणि फोटो नंतर सुटत नाही. कोपऱ्यांत अडकवायचे कागदी त्रिकोण वापरावेत. पावसाळ्यात वही आणि अल्बम भिंतीला लागून ठेवू नयेत. आणि एकुलती एक प्रत कोणाच्याही हाती देऊ नये : आबांच्या मुंजीचे फोटो आम्ही डाग काढण्यासाठी एका दुकानात दिले होते, तो लिफाफा तिथे गहाळ झाला तो झालाच. आता जुना फोटो घराबाहेर पाठवण्यापूर्वी आम्ही घरीच, दिवसाच्या उजेडात, त्याचा फोटो काढून घेतो.

ज्येष्ठांचा आवाज साठवणे हे काम लांबणीवर टाकू नये. पंखा बंद करावा, फोन विमान मोडवर टाकून घडी केलेल्या पंचावर ठेवावा, आणि सुरुवातीलाच तारीख व उपस्थितांची नावे बोलून घ्यावीत. वीस मिनिटे पुरतात. "लहानपणाबद्दल सांगा" असे म्हटले की माणूस गोंधळतो, त्याऐवजी "रामबागेतल्या घरात दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला काय होते?" असे विचारावे. आबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हौद. आणि हौदावर तांब्या, साखळीने बांधलेला." मग साखळी का, तांब्या कोणी पळवला होता, असे करत चाळीस मिनिटे गेली. मध्येच सनावळी दुरुस्त करू नये, ती नंतर वहीत टिपता येते. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी विषय घालावा, म्हणजे सगळ्या फाइली आपोआप क्रमाने लागतात. एक प्रत फोनमध्ये, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे असावी. आमची तिसरी प्रत नणंदेकडे बडोद्याला असते, आणि दर पाडव्याला दोन्ही घरांत ती उघडून पाहिली जाते.

शेवटची चार पाने सूचीसाठी राखावीत : ठिकाण किंवा माणूस, आणि पान क्रमांक. पहिली चार पाने मात्र वही सुरू होण्यापूर्वीच्या दिवसांसाठी कोरी सोडावीत, कारण वाचताना जुने काहीतरी आठवतेच. अशा जुन्या गोष्टींबाबत मतभेद झाले तर निवाडा न करता प्रत्येकाने आपले म्हणणे स्वतःच्या अक्षरात लिहावे व खाली सही करावी. आमच्या वहीत तिसऱ्या पानावर 'पाताळपाणी, मोजे' असे शीर्षक आहे आणि त्याखाली चार हस्ताक्षरांत चार नावे आहेत.