इमर्जन्सीत टेस्ट होतात तेव्हा या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "रिपोर्ट नॉर्मल" ऐकलं की आपल्याला काहीच झालेलं नाही असं धरून घरी निघणं. इमर्जन्सीत आधी जिवावरचं काही नाही ना एवढं बघतात, दुखण्याचं नेमकं कारण तिथेच सापडेल असं नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, या टेस्टमधून काय नाही हे नक्की झालं आणि काय अजून असू शकतं?

छातीत दुखत असेल तर पहिल्या 10 मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, पण तो नॉर्मल आला म्हणून हार्ट अटॅक नाहीच असं होत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं, पण त्याला वेळ लागतो, त्यामुळे दुखायला लागल्या लागल्या घेतलेलं सँपल नॉर्मल येऊ शकतं आणि म्हणून काही तासांनी परत रक्त घेतात. नेमकं इथेच लोक वैतागतात, "आत्ताच तर घेतलंत ना रक्त" म्हणत सही करून निघून जातात. प्लीज असं करू नका, पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात किती फरक पडला यावरच तर सगळं ठरतं. दुखणं किती वाजता सुरू झालं तेही नीट सांगा, अंदाजे का होईना. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, काही मशीनवर त्यामुळे ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं.

स्ट्रोकमध्येही (मेंदूचा झटका) तेच, सुरुवातीचा सीटी स्कॅन बराच वेळा नॉर्मल दिसतो, तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे बघायला काढलेला असतो आणि रक्तपुरवठा थांबल्याने झालेली इजा त्यात लगेच दिसतेच असं नाही. तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाहीये आणि सीटी नॉर्मल, तर निश्चिंत होऊ नका.

उलटंही होतं. डी-डायमर (रक्ताच्या गुठळीची शक्यता बघायची रक्ताची टेस्ट) वाढलं म्हणजे गुठळी झालीच असं नाही, प्रेग्नन्सीत, ऑपरेशननंतर, इन्फेक्शनमध्ये, वय झाल्यावरही ते वाढतं. पोटॅशियम एकदम जास्त आलं आणि परत सँपल मागितलं तर चिडू नका, रक्त काढताना पेशी फुटल्या तरी आकडा खोटा वाढतो.

आणि कल्चर, म्हणजे सँपलमध्ये जंतू वाढतात का हे बघायची टेस्ट. त्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, कधी जास्तही, म्हणजे तुम्ही तोवर घरी असता. निघण्याआधी कोणते रिपोर्ट बाकी आहेत ते कागदावर लिहून घ्या, कोण फोन करणार ते विचारा आणि त्यांच्याकडे तुमचा चालू नंबर आहे ना ते बघा.