मुलांकडे परदेशी कायमचं जाताय? आधी तिथल्या देखभालीचं बघा

नौपाड्यातलं घर बंद करून मुलाकडे कायमचं जायचं ठरलं की चर्चा होते व्हिसाची, तिकिटांची आणि लोणच्याच्या बरण्यांची. उद्या आंघोळीला धरावं लागलं तर कोण धरणार, हे कोणी विचारत नाही. ठाण्यात ब्यूरोला फोन केला की मावशी मिळतात. तिथे मुलगा-सून दोघं कामावर, आणि पगारी मदत तासाच्या हिशेबाने, डॉलरमध्ये. म्हणून ही चौकशी हातपाय धड असतानाच करा.

आधी कागद. कोणत्या व्हिसावर राहणार यावर सरकारी मदत ठरते. अमेरिकेत आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो तो मुलगा किंवा मुलगी तिथले नागरिक असतील आणि वयाची 21 वर्षं पूर्ण असतील तरच. मुलाला स्वतःलाच नुसतं ग्रीन कार्ड असेल तर हा रस्ता बंद. आणि ग्रीन कार्ड मिळालं म्हणजे मेडिकेअर, म्हणजे तिथल्या सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा, मिळालं असं नाही. तिथे कधीच नोकरी न केलेल्या 65 वर्षांपुढच्या माणसाला साधारणपणे सलग 5 वर्षं राहिल्यावरच ते घेता येतं, तेही हप्ता भरून. मधल्या काळातला विमा कोण भरणार, हे मुलाशी आत्ताच स्पष्ट बोला. संकोच नको. दरवर्षी ठाण्यात येऊन लांब मुक्काम करायचा बेत असेल तर तोही सांभाळून आखा. सलग वर्षाहून जास्त बाहेर राहिलात तर ग्रीन कार्डच धोक्यात येतं.

कॅनडाचा सुपर व्हिसा, म्हणजे तिथे राहणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांसाठीचा खास व्हिसा, एका वेळी 5 वर्षांपर्यंत राहू देतो, पण राहायचं पाहुणा म्हणूनच. किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा आपण घ्यायचा, प्रांताची आरोग्य योजना लागू होत नाही. तो विमा अचानक आलेल्या दुखण्यासाठी असतो, रोजच्या देखभालीसाठी नाही. ब्रिटनचं विचारू नका: हवी ती देखभाल भारतात मिळतच नाही किंवा परवडत नाही हे सिद्ध करावं लागतं, आणि ठाण्यात राहणाऱ्या माणसाने ते कसं करावं!

मग, नेमकी कसली मदत लागेल ते ठरवा. असिस्टेड लिव्हिंगमध्ये स्वतःची खोली, तयार जेवण, आणि आंघोळ, कपडे, गोळ्या यांना मदत मिळते. तिथलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, तर राहून देखभाल घ्यायची जागा; तिथे चोवीस तास परिचारिका असतात. घरी येणारी मदतनीस हा तिसरा पर्याय. चौथा, जो आपल्याकडे फारसा माहीत नाही, तो दिवसभराच्या केंद्रांचा: सकाळी गाडी येते, संध्याकाळी सोडते. न्यू जर्सीत अशी भारतीय जेवणाची केंद्रं आहेत. मला विचाराल तर सुरुवात इथूनच करावी. सुनेला उसंत मिळते आणि आपल्याला गप्पांना माणसं.

मेडिकेअर असिस्टेड लिव्हिंगचा खर्च देत नाही. नर्सिंग होमचे पैसे देतं ते आजारपणानंतरच्या उपचारांपुरते, जास्तीत जास्त 100 दिवस, आणि 20 दिवसांनंतर रोजचा वाटा आपल्याला उचलावा लागतो. त्यासाठी सहसा आधी किमान 3 दिवस हॉस्पिटलात रीतसर दाखल असावं लागतं. इथे भलेभले फसतात. पेशंट खाटेवर असतो, सलाईन चालू असतं, पण कागदावर तो फक्त ‘निरीक्षणाखाली’ असतो. ते दिवस धरले जात नाहीत. रोज विचारा: दाखल केलंय की निरीक्षणाखाली ठेवलंय?

असं देखभालीचं घर बघताना चकचकीत लॉबीवर जाऊ नका. अमेरिकेतल्या नर्सिंग होम्सना मेडिकेअरच्या संकेतस्थळावर 1 ते 5 तारे दिलेले असतात. असिस्टेड लिव्हिंगवर मात्र राज्याची देखरेख असते, त्यामुळे तपासणीचे अहवाल राज्याच्या खात्याकडे शोधा. प्रत्येक राज्यात अशा घरांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल असतो, तो फुकट माहिती देतो. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात रिटायरमेंट होमला (ज्येष्ठांच्या निवासाला) परवाना आहे का, हे नियामक संस्थेच्या यादीत दिसतं.

एकदा वेळ ठरवून जा, एकदा न सांगता, रविवारी जेवणाच्या वेळेला. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी? देखभाल वाढली की दर किती वाढतो? पैसे संपले तर ठेवून घेतात की बाहेर काढतात? उत्तर तोंडी नको, करारात दाखवा म्हणावं. शाकाहार म्हटल्यावर सॅलड आणि उकडलेले बटाटे पुढे येणार असतील तर महिन्याभरात माणूस खंगतो. वरण-भात, निदान डाळ तरी मिळेल का, ते विचारा. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी जाते, तेव्हा मराठी नाही तर हिंदी बोलणारं कोणी आहे का, हा प्रश्न लाडाचा समजू नये.

शक्य असेल तर आधी पाहुणे म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे राहून या. मे महिन्यातलं टोरांटो सगळ्यांनाच आवडतं.

इकडचं थोडक्यात. पहिल्या वर्षी फ्लॅट विकू नका. कायमचं जाताना बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं इथलं रुपयातलं खातं, करून घ्या. त्यातून कर भरल्यावर आर्थिक वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्याचं तिथून कसं करायचं, ते बँकेत विचारून ठेवा. इथला मेडिक्लेम चालू ठेवा. परत यावं लागलं आणि नवी पॉलिसी घेतली, तर जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तिकडे पोचल्यावर, आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा उपचारांचा निर्णय कोण घेणार, याचा त्या राज्याचा कागद करून घ्या.

आणि दातांची कामं निघण्याआधी इथेच उरका. नेहमीचे दातांचे उपचार मूळ (सरकार थेट चालवतं त्या) मेडिकेअरमध्येही बसत नाहीत.