रबरी हात, द्राक्षाचा खोका आणि जाणिवेचा प्रश्न

जाणीव म्हणजे काय, यावर नाशिकात चर्चा सुरू झाली की पाचव्या मिनिटाला ती आत्म्यावर जाते आणि दहाव्या मिनिटाला चहावर. म्हणून आधी प्रयोग, मग बोलणं. सहा-आठ जणांचं अभ्यासमंडळ, एक टेबल आणि दीड तास एवढ्यात पुढचं सगळं बसतं.

सुरुवात डोळ्यातल्या अंधबिंदूने करा. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे ८ सेंमीवर १ सेंमी व्यासाचा ठिपका, आणि ठिपक्यातून आरपार जाणारी आडवी रेघ. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंमीवर ठिपका नाहीसा होतो. ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) डोळ्यातून बाहेर पडते त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, आणि नजरेच्या मध्यापासून ती जागा १५ अंशांच्या आसपास येते. ठिपका दिसला नाही, यात फारसं नवल नाही. तिथे भोक न दिसता रेघ सलग दिसते, ते टिपून ठेवा. ठिपका जातच नसेल तर बहुतेक वेळा नजर फुलीवरून घसरलेली असते, नाहीतर मान तिरकी असते.

खरा वेळ रबरी हाताला द्या. यात रबरी हात आपलाच असल्याचा भास होतो. १९९८ साली बॉटविनिक आणि कोहेन या संशोधकांनी मांडलेला हा प्रयोग घरात सहज होतो. मेडिकलमधून सर्जिकल हातमोजे आणा. साधे तपासणीचे मोजे नकोत, त्यांत डावा-उजवा फरक नसतो. डावा मोजा घेऊन बोटांच्या टोकापर्यंत कापूस ठासा; सुरकुत्या राहिल्या तर हात मेल्यासारखा दिसतो. द्राक्षाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ३० सेंमी उंचीचा आडोसा टेबलावर उभा करा. खरा डावा हात आडोशापलीकडे, रबरी हात नजरेसमोर, दोन्ही पालथे आणि एकाच दिशेला. दोघांच्या तर्जनींत १५ ते २० सेंमी अंतर पुरे. रबरी मनगटापासून खांद्यापर्यंत टॉवेल टाका.

समोर बसणाऱ्याने सारख्या आकाराचे दोन ब्रश घ्यावेत आणि दोन्ही तर्जनींवर एकाच क्षणी, एकाच जागी, एकाच दिशेने फिरवावेत. सेकंदाला एखादा फटकारा, पण ठेका मोडता ठेवा. दोन मिनिटं बोलणं बंद. मग एवढंच विचारा, ‘ब्रश कुठे लागतोय?’ ‘रबरी हात तुमचा वाटतोय का?’ असं विचारलंत की उत्तर तुम्हीच दिलंत. आधी आणि नंतर डोळे मिटून, टेबलाखालून उजव्या बोटाने डाव्या तर्जनीची जागा दाखवायला सांगा आणि खडूने खूण करा. भास झाला असेल तर दुसरी खूण बऱ्याचदा रबरी हाताकडे सरकलेली असते.

आता हाच प्रयोग मुद्दाम बिघडवा. एक ब्रश अर्धा सेकंद मागे ठेवा, किंवा रबरी हात आडवा फिरवा. भास ढिला पडतो. ही फेरी गाळली तर सगळा प्रकार जादूच्या खेळावर जाईल. काहींना पहिल्या फेरीतही काहीच वाटत नाही. त्यांच्या मागे लागू नका. आणि इंटरनेटवर दाखवतात तशी रबरी हातावर हातोडी अजिबात मारू नका, दचकून खरा हात आपटतो.

यानंतर चर्चेत दोन उड्या हमखास मारल्या जातात. पहिली : ‘बघा, सगळं माया आहे.’ पण हात भलतीकडे वाटला हे कळलं कशावरून? खडूच्या खुणेवरून. भास पकडायलाही जग जागेवर असावं लागतं. दुसरी : ‘म्हणजे जाणीव म्हणजे मेंदूच.’ इथे मंडळाला तीन शब्द वेगळे ठेवायला लावा : सोबत (दोन गोष्टी एकत्र दिसतात), मुळे (एकीमुळे दुसरी घडते), तेच (दोन्ही एकच आहेत). ब्रशची वेळ आपण बदलली आणि अनुभव बदलला, म्हणून ‘मुळे’ म्हणायला आधार आहे. ‘तेच’ म्हणायला अजून नाही.

चार्वाकांचा जुना दाखला इथे काढण्यासारखा आहे : किण्वातून, म्हणजे मद्य आंबवणाऱ्या द्रव्यातून, मदशक्ती उपजते तसं पृथ्वी, आप, तेज, वायू या चार भूतांतून चैतन्य. द्राक्षाच्या गावात तो लगेच पटतो, पण तपासून घ्या. साखरेचं अल्कोहोल कसं होतं ते रसायनशास्त्र पुरतं सांगतं. नशा मात्र बाटलीत नसते, पिणाऱ्याला चढते. म्हणजे जे समजावून द्यायचं तेच दाखल्यात आधीपासून बसलंय. शरीरातल्या घडामोडींना अनुभव मुळात का असावा, याला तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९० च्या दशकात ‘कठीण प्रश्न’ म्हटलं. १९९८ मध्ये मेंदूचे अभ्यासक ख्रिस्तोफ कॉख यांनी चाल्मर्स यांच्याशी वाइनची पैज लावली की जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण २५ वर्षांत सापडेल. २०२३ मध्ये कॉख यांनी हार मानून बाटल्या दिल्या. ही पैज ‘सोबत’पुरतीच होती, हे मंडळात ‘तेच’चा आग्रह धरणाऱ्याला जरूर सांगा.