महासभेच्या कारभारावर नागरिकाने लक्ष कसे ठेवावे: ठाणे व नवी मुंबईसाठी मार्गदर्शन

ठाण्यातील पाचपाखाडी येथील महापालिका भवनात किंवा सीबीडी बेलापूरच्या सेक्टर १५ए मधील नवी मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात महासभा, म्हणजे सर्व नगरसेवकांची सभा, भरली की दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत बहुतेक वेळा गोंधळ, सभात्याग आणि घोषणाबाजी येते. शहराच्या पाणीपट्टीचा, रस्त्याच्या कंत्राटाचा किंवा उद्यानाच्या आरक्षणाचा निर्णय मात्र त्या गोंधळात होत नाही. तो सभेच्या आधी निघालेल्या विषयपत्रिकेत (सभेपुढच्या विषयांच्या यादीत) मांडलेला असतो आणि सभेनंतर लिहिलेल्या इतिवृत्तात (कामकाजाच्या अधिकृत नोंदीत) पक्का होतो. म्हणून ज्या नागरिकाला महासभेवर लक्ष ठेवायचे आहे, त्याने आवाजामागे न जाता विषय क्रमांक आणि ठराव क्रमांक यांच्या मागे जावे. हे दोन क्रमांक हाती असले तर पुढची प्रत्येक पायरी सोपी होते, आणि ते नसले तर चांगली तक्रारही ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ होऊन तिथेच राहते.

दोन्ही शहरांचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या एकाच कायद्याखाली चालतो. ठाणे महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली आणि नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला. ठाण्याच्या सभागृहात निवडून आलेले १३१ आणि नवी मुंबईच्या सभागृहात १११ सदस्य असतात. नवी मुंबईत २०२० च्या मे महिन्यापासून आणि ठाण्यात २०२२ च्या मार्चपासून प्रशासकीय राजवट होती, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाऐवजी प्रशासक निर्णय घेत होते. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होऊन सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली. मधल्या काळातील निर्णयही कागदावर आहेत, फक्त ते महासभेचे किंवा स्थायी समितीचे (खर्च व कंत्राटे पाहणाऱ्या नगरसेवकांच्या समितीचे) ठराव नसून प्रशासकांचे ठराव आहेत. त्या वर्षांतील एखाद्या कामाची माहिती माहितीच्या अधिकारात मागताना ‘महासभेचा ठराव’ असे लिहिले तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे तांत्रिकदृष्ट्या खरे उत्तर मिळू शकते. तेव्हा अर्जात ‘प्रशासकीय ठराव’ असा स्पष्ट उल्लेख करावा.

सुरुवात विषयपत्रिकेपासून करावी. सभेच्या कामकाजाचे नियम अधिनियमाच्या अनुसूचीतील दुसऱ्या प्रकरणात आहेत. त्यांनुसार महापालिकेची दर महिन्याला किमान एक सर्वसाधारण सभा, म्हणजेच महासभा, व्हावी लागते आणि सभेची सूचना साधारणपणे सात पूर्ण दिवस आधी निघावी लागते. ही सूचना महापालिका सचिवांच्या सहीने निघते, त्यामुळे नागरिकाला ज्या कार्यालयाची सर्वांत आधी ओळख करून घ्यायची ते महापौरांचे दालन नसून सचिव विभाग आहे. विषयपत्रिका संकेतस्थळावर पाहावी. तिथे न मिळाल्यास सचिव विभागात किंवा आपल्या प्रभागातील नगरसेवकाकडे मागावी. आता बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक आहेत, त्यामुळे एकाने टाळाटाळ केली तर उरलेल्यांकडे जाण्याची सोय आहे, आणि ते वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर ही सोय अधिकच उपयोगी पडते.

विषयपत्रिकेत एकेका ओळीत विषय असतो. खरा मजकूर त्याला जोडलेल्या गोषवाऱ्यात, म्हणजे प्रशासनाने लिहिलेल्या प्रस्तावाच्या टिपणीत, असतो. गोषवारा वाचण्याची एक रीत आहे आणि ती थोडी उलटी आहे. आधी शेवटचा परिच्छेद वाचावा. ‘सबब, सदर प्रस्ताव मान्यतेसाठी महासभेपुढे सादर’ अशा धर्तीच्या वाक्यात सभागृहाकडून नेमके काय मागितले आहे ते कळते: प्रशासकीय मान्यता, खर्चास मंजुरी, की कार्योत्तर मंजुरी. ‘कार्योत्तर’ हा शब्द दिसला की काम आधीच झाले आहे किंवा सुरू आहे आणि सभागृह फक्त त्यावर शिक्का मारणार आहे असे समजावे. तिथे ‘हे काम करू नये’ असे निवेदन देण्यात अर्थ नसतो, ‘मंजुरीआधी काम कोणाच्या आदेशाने झाले’ असे विचारण्यात असतो. त्यानंतर लेखाशीर्ष (खर्च ज्या खात्यावर टाकला जाणार ते अंदाजपत्रकातील शीर्षक) आणि तरतूद पाहावी. चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात त्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम आहे, त्यातील किती शिल्लक आहे आणि प्रस्तावाचा खर्च किती, या तीन आकड्यांचा मेळ बसत नसेल तर प्रश्न तिथेच सापडलेला असतो. सुरुवातीची पार्श्वभूमी सगळ्यांत शेवटी वाचावी, कारण ती वर्षानुवर्षे एका गोषवाऱ्यातून दुसऱ्यात उतरवली जाते.

विषयपत्रिकेवर नसलेले ‘आयत्या वेळचे विषय’ हा निराळा प्रकार आहे. तातडीचे कामकाज उपस्थित सदस्यांच्या संमतीने सभेपुढे आणण्याची मुभा नियमांत आहे आणि ती अडीअडचणीसाठी ठेवलेली आहे. कोट्यवधींच्या कंत्राटाचा विषय अशा मार्गाने आला तर ती तातडी कशाची होती हे विचारण्याचा हक्क नागरिकाला नक्कीच आहे. माझ्या मते एखाद्या सभागृहाची शिस्त पाहायची असेल तर भाषणांपेक्षा आयत्या वेळच्या विषयांची यादी पाहावी.

सभेला प्रत्यक्ष बसता येते. महासभा सर्वांसाठी खुली असावी हा नियमच आहे. एखादी चर्चा गुप्तपणे व्हावी असे वाटल्यास उपस्थित सदस्यांनी बहुमताने तसा ठराव करावा लागतो. कामकाजात अडथळा आणणाऱ्याला पीठासीन अधिकारी बाहेर काढू शकतात, त्यामुळे प्रेक्षक दालनात फलक, घोषणा किंवा खालच्या सदस्यांशी बोलणे टाळावे. ठाण्यात महासभा नरेंद्र बल्लाळ सभागृहात भरते. प्रवेशिका लागते का, मोबाइल आत नेता येतो का, याची चौकशी दोन्ही शहरांत आदल्या दिवशी सचिव विभागात करावी, कारण सुरक्षेची व्यवस्था त्या त्या वेळच्या परिस्थितीनुसार बदलते. हा खुलेपणाचा नियम महासभेचा आहे. सोळा सदस्यांच्या स्थायी समितीच्या बैठकीला तो तसाच लागू आहे असे गृहीत धरून जाऊ नये. सोबत विषयपत्रिका आणि घड्याळ असावे. विषय क्रमांक, तो पुकारला गेला ती वेळ, सूचक आणि अनुमोदक यांची नावे, कोणी विरोध नोंदवला आणि मतदान झाले की ‘मंजूर, मंजूर’ म्हणत पुढचा विषय घेतला, एवढे लिहून ठेवावे. दहा विषय दोन मिनिटांत मंजूर होतात तेव्हा हेच टिपण कामाला येते.

नागरिकाला स्वतः सभागृहात बोलता येत नाही. त्याचा प्रश्न नगरसेवकाच्या तोंडूनच जातो. इथे लेखी प्रश्न आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या प्रश्नाकडे सभागृहाचे लक्ष वेधणारी सूचना) ही दोन साधने आहेत. लेखी प्रश्नाला प्रशासनाचे लेखी उत्तर येते आणि ते पुढे पुरावा म्हणून वापरता येते, म्हणून निवड करायची असेल तर लेखी प्रश्नाचा आग्रह धरावा. नगरसेवकाला चार पानी निवेदन देण्याऐवजी तयार प्रश्न द्यावा: कोणते काम, कोणत्या ठरावाने, किती रकमेचे, कार्यादेश कोणत्या तारखेचा, मुदत कधी संपली, दंड आकारला का. तुंबलेले गटार, पदपथ, बंद पथदिवे अशा प्रश्नांसाठी महासभेपर्यंत जाऊ नये. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत आणि नवी मुंबईत दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आठ विभाग कार्यालये आहेत; हे प्रश्न तिथे लवकर सुटतात.

सभेनंतरचा टप्पा लोक बहुधा विसरतात आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सभेत जे झाले ते सचिव विभाग इतिवृत्तात लिहितो आणि पुढच्या एखाद्या सभेत ते इतिवृत्त ‘कायम’ केले जाते. ठरावाचा मजकूर सभागृहात वाचलेल्या मजकुराहून वेगळा आहे, उपसूचना (ठरावात सुचवलेली दुरुस्ती) गळली आहे किंवा विरोधाची नोंदच नाही, अशी शंका आली तर हरकत इतिवृत्त कायम होण्याआधी घेतली जायला हवी, आणि ती नगरसेवकानेच घ्यायची असते. त्यासाठी आपले टिपण त्याच्या हाती वेळेवर पोहोचवावे. इतिवृत्त एकदा कायम झाले की त्यातील शब्द हाच अधिकृत शब्द ठरतो.

इतिवृत्त आणि ठराव मिळवण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, त्यासाठी कोर्ट फी स्टॅम्प चालतो, आणि प्रतींसाठी पानाला २ रुपये पडतात. अर्ज एका विषयापुरता व १५० शब्दांच्या आत असावा असा राज्याचा नियम आहे, आणि अर्ज नाकारण्याचे निमित्त म्हणून तो वापरला जाऊ नये एवढी काळजी घ्यावी. मजकूर असा असू शकतो: ‘अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेतील विषय क्रमांक अमुक संदर्भातील गोषवारा, मंजूर ठराव, त्या विषयाच्या चर्चेचे इतिवृत्त, सदस्यांची हजेरी आणि कामकाजाचे ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण केले असल्यास त्याची प्रत मिळावी.’ यात ‘का’ हा शब्द नाही हे लक्षात घ्यावे. कायद्याने अभिलेख मागता येतो, अधिकाऱ्याचे मत किंवा समर्थन मागता येत नाही. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे असल्यास पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह प्रथम अपील करावे आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करावे. आयोगाकडे प्रकरणे तुंबलेली असतात, म्हणून पहिला अर्जच नेमका लिहिण्यावर वेळ खर्च करणे शहाणपणाचे आहे. अर्जाआधी फाइल नजरेखालून घालायची असेल तर राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाचा हवाला द्यावा. त्यात स्थानिक स्वराज्य संस्थांतील अभिलेख नागरिकांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत पाहू देण्यास सांगितले आहे.

तक्रारीच्या बाबतीत आधी ती कशाविषयी आहे हे ठरवावे. सेवेबद्दलची तक्रार प्रभाग किंवा विभाग कार्यालयात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तिथे दाद न लागल्यास लोकशाही दिन, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तक्रारी समक्ष ऐकण्याचा दिवस, आहे. तो महापालिका स्तरावर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. न्यायप्रविष्ट प्रकरणे, कर्मचाऱ्यांच्या सेवा व आस्थापनेचे विषय आणि अंतिम उत्तर दिलेली प्रकरणे तिथे घेतली जात नाहीत. पैशांच्या गैरव्यवहाराची शंका असेल तर मुख्य लेखापरीक्षकांच्या अहवालातील त्या कामावरचे आक्षेप मागवावेत. हे अहवाल स्थायी समितीपुढे जातात आणि त्यांत पुष्कळदा तक्रारदाराने स्वतः शोधले असते त्याहून अधिक सापडते. नगरसेवकाच्या वर्तनाबद्दलची तक्रार जपून करावी. महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे किंवा स्वतः अनधिकृत बांधकाम करणे ही कायद्यातील अपात्रतेची कारणे आहेत, पण ती कागदपत्रांवर सिद्ध करावी लागतात. तो सभेत कसा बोलतो किंवा फोन उचलत नाही हे अपात्रतेचे कारण होत नाही. त्याचा निकाल मतदारच लावतात.

एका ठिकाणी मात्र नागरिकाचे म्हणणे कायद्याने थेट ऐकावे लागते. महासभेने विकास योजनेतील आरक्षण बदलण्याचा ठराव केला, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिना मिळतो. शंभर जणांच्या सहीचे एकच पत्र देण्यापेक्षा आपापल्या कारणांसह वेगवेगळ्या हरकती द्याव्यात, कारण सुनावणी हरकतदाराला मिळते आणि प्रत्येक हरकतीची स्वतंत्र नोंद होते. मैदानाचे आरक्षण जात असेल तर जवळच्या शाळेचे अंतर, त्या भागातील दुसरे मैदान आणि नकाशावरचा आरक्षण क्रमांक लिहावा.

ठराव झाला, इतिवृत्त कायम झाले आणि तो ठराव कायद्याच्या विरुद्ध आहे अशी कागदपत्रांवरून खात्री पटली, तर महानगरपालिका अधिनियमाचे कलम ४५१ उरते. या कलमाखाली राज्य शासन महापालिकेचा ठराव निलंबित करू शकते व पुढे विखंडितही (रद्दही) करू शकते. असे निवेदन मंत्रालयातील नगरविकास विभागाकडे पाठवावे आणि त्याची प्रत आयुक्तांना द्यावी, कारण बेकायदा ठराव विखंडनासाठी शासनाकडे पाठवण्याचा प्रघात आयुक्तांकडूनही पाळला जातो. निवेदनाच्या पहिल्या ओळीत सभेची तारीख आणि ठराव क्रमांक, दुसऱ्या ओळीत भंग झालेले कलम, आणि जोडपत्रांत गोषवारा, ठराव व इतिवृत्ताच्या प्रमाणित प्रती असाव्यात.